पुण्यात आत्या असताना हॉस्टेल?

अहो, ऐकलंत का? नाही ना? वाटलंच मला. तुम्ही चार दिवस माहेरी काय गेलात, इकडं गल्लीत रामायण होऊन गेलं. जरा अशा इकडं सरका, त्यांची खिडकी उघडी आहे.

रेल्वे वर्कशॉपवाल्यांची धाकटी गेली हो पुण्याला. हॉस्टेलला! इंजिनिअरिंगच्या कॅप राऊंडमध्ये नंबर लागला, पहिल्या पसंतीचं कॉलेज. कुठलं ते नाही सांगत, नजर लागते. सोलापूरचं वालचंद होतं, पंढरपूरचं स्वेरी होतं, अप-डाऊन तरी झालं असतं. तिच्या आजी तर म्हणत होत्या, आपलं इथलं भिसे कॉलेज काय वाईट आहे? आता तिथं इंजिनिअरिंग नाही, हे त्यांना सांगायचं कुणी!

पण खरी मजा पुढंच आहे. ती आत्या नाही का त्यांची, कोथरूडची? हो, तीच, फ्लॅट घेतला तेव्हा सगळ्या गल्लीला फोटो दाखवत फिरली ती. राखीला आली होती. मी आपली विरजण मागायला गेलेली, त्यामुळं सगळं माझ्या कानांनी ऐकलंय. भावाला राखी बांधली, ओवाळलं, आणि ताटावर बसता बसता म्हणते कशी, "दादा, पोरीची काळजीच करू नकोस. हॉलमध्ये कॉट टाकून ठेवलीय मी."

वहिनी नारळीभात वाढत होत्या. डाव तसाच हातात! दादांनी मान खाली घातली ती वर काढेनात. कारण हॉस्टेलचे पैसे आधीच भरून झालेले, आणि बहिणीला सांगायचं कुणी, यावरून नवरा-बायकोत आठवडाभर "तुम्ही सांगा", "तू सांग" चाललेलं.

शेवटी सांगितलं कुणी? पोरीनं! म्हणाली, "आत्या, मी हॉस्टेलला राहणार आहे. तुझ्याकडे उशीर झाला तर तू रुसशील. तिथं उशीर झाला तर रेक्टर दंड घेतील. दंड परवडला."

अगं बाई! आत्याचा चेहरा असा उतरला म्हणता... "पुण्यात सख्खी आत्या असताना पोरगी हॉस्टेलला? लोक काय म्हणतील मला?" डोळ्याला पदरच लावला. मी विरजणाची वाटी घेऊन उभी. निघावं तरी पंचाईत, थांबावं तरी पंचाईत. थांबले आपली.

तेवढ्यात कोपऱ्यावरचे रिटायर मास्तर आले. त्यांना काय, कुठंही शाळा भरवायची सवय. म्हणाले, "अहो, त्याच पुण्यात कर्व्यांनी 1896 साली विधवांसाठी आश्रम काढला. गावात लोक नीट राहू देईनात म्हणून पुढं हिंगण्याच्या माळावर झोपडी बांधली. आज तेच कर्वेनगर, आणि तिथंच 1991 पासून मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे, कमिन्स. देशातल्या मुलींसाठीच्या अगदी पहिल्यांपैकी! मुली घराबाहेर राहून शिकल्या म्हणूनच हे दिवस दिसले." इथवर ठीक होतं. पण मास्तरच ते, थांबतायत कसले! पुढं म्हणाले, "फक्त नियम पाळ हो बाळ. फर्ग्युसनच्या हॉस्टेलातून 1905 साली सावरकरांना काढलं होतं, विदेशी कपड्यांची होळी केली म्हणून. वर 10 रुपये दंड!" आजी दचकल्याच. म्हणाल्या, "बघा, मी म्हणत नव्हते? हॉस्टेलात असलं होतं!"

तर काय सांगत होते... हां, आजी. सगळ्यांना वाटलं, आता आजी आत्याच्या बाजूनं उभ्या राहणार. लेकच ती त्यांची. पण आजींनी काय करावं? ताट बाजूला सरकवलं आणि लेकीलाच म्हणाल्या, "तुझे वडील बार्शीला शिकले ते वार लावून. सोमवारी एकाकडं, मंगळवारी दुसऱ्याकडं. सगळे नात्यातलेच. मंगळवारच्या घरी आधी विहिरीचं पाणी भरून घ्यायचे, मग पान वाढायचे. मरेपर्यंत मंगळवारी त्यांना जेवण गोड लागलं नाही. पोरीला तिच्या पैशाची कॉट मिळतीय, तर मिळू दे."

वहिनींचं तोंड उघडं ते उघडंच. नाहीतर सासूबाई सुनेच्या बाजूनं बोलल्यात, असं आठवतंय का तुम्हाला कधी?

मास्तरांना परत जोर चढला. शाहू महाराजांनी कोल्हापूरला बोर्डिंगं काढली ती याचसाठी, कर्मवीर अण्णांनी 1924 ला साताऱ्यात वसतिगृह काढलं तेही याचसाठी, पुण्यात आपट्यांनी 1955 ला विद्यार्थी सहाय्यक समिती काढली तीही खेड्यातल्या पोरांसाठीच, म्हणजे गरिबाच्या लेकराला कुणाच्या उंबऱ्यावर ताटकळायला नको. बरोबरच आहे हो त्यांचं. नातेवाईक उपकार बोलून दाखवत नाहीत, पण भाजी वाढताना चमचा जरा आखडतोच की. तुमचा-माझाही आखडतो, खोटं कशाला बोला?

पैशाचं म्हणाल तर, 2024 पासून मुलींची शिकवणीची फी न् परीक्षेची फी सरकारनं माफ केलीय ना, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलं तर. दादांचं बसतंय त्यात, काठावर. पण हॉस्टेल न् मेस कुठं माफ असतंय? वहिनींनी भिशी उचलली त्यासाठी. हे मी बोलले नाही हं.

आणि ते रॅगिंगचं ॲफिडेव्हिट! पोरीनंही भरायचं, आईबापानंही भरायचं. 1999 चा कायदा आहे आपल्याकडं, नंतर 2009 ला यूजीसीचे नियम आले. वहिनींनी तो कागद वाचला आणि रात्रभर झोप नाही. त्यात काय काय करायचं नाही ते सगळं लिहिलंय ना, वहिनींना वाटलं ते सगळं तिथं होतंच!

बांधाबांध बघायला हवी होती तुम्ही. सोलापुरी चादरी दोन, शेंगाची चटणी, कडक भाकरी, धपाटे. इलेक्ट्रिक केटल पण भरली होती, पोरीनंच काढून टाकली, चालत नाही म्हणे. आणि बादली! अहो, दादा एवढे दिवस गप्प होते. काय चाललंय मनात, कळेना. आदल्या दिवशी ड्युटीवरून आले, ऑइल पेंट न् बारका ब्रश घेऊन अंगणात बसले. वर्कशॉपात जन्म गेला, त्यांचे वडील तर बार्शी लाईटच्या छोट्या गाडीच्या काळातले. निळ्या बादलीवर पांढऱ्या रंगात पोरीचं नाव, खाली खोलीचा नंबर, आणि त्याखाली मालाच्या वाघिणीवर टाकतात तसं "कुर्डुवाडी जं."! मगावर पण तेच. पोरगी म्हणाली, "पप्पा, हसतील मला." दादा म्हणाले, "हसू दे. हरवणार नाही." तेवढंच बोलले हो, सगळ्या प्रकरणात.

सकाळच्या हुतात्मानं गेले. गाडी आपल्याकडं कितीशी थांबते, तुम्हाला माहीतच आहे. सामान चढवण्याच्या गडबडीत रडायचं राहूनच गेलं सगळ्यांचं.

आणि आत्या? अहो, तेच तर सांगायचंय! हॉस्टेलच्या फॉर्मवर लोकल गार्डियन लागतो. वहिनी हुशार, त्यांनी नणंदेचं नाव टाकलं. रात्री बाहेर राहायचं तर तिची सही, आजारी पडली तर तिला फोन. रेक्टर मॅडमनी समोर बसवून सही घेतली, तशी आत्याची कळी खुलली. आता फोन करकरून सांगते, "माझ्या सहीशिवाय तिला गेटबाहेर पाऊल टाकता येत नाही!" रविवारी डबा घेऊन जाते स्वतः. तिथल्या पोरी म्हणे बादलीला हसल्या पहिल्या दिवशी. आता बाथरूममध्ये सगळ्यांच्या बादल्यांची अदलाबदल होते, हिची तेवढी जागेवर.

पण थांबा, कालची ताजी बातमी. डबा द्यायला आत्याची पोरगी पण जायची ना बरोबर, बारावीतली? तिनं ती खोली बघितली, त्या पोरींच्या गप्पा ऐकल्या, आणि घरी येऊन आईला म्हणाली, "पुढच्या वर्षी मला पण हॉस्टेलला घाल." घर कोथरूडला, कॉलेज पुण्यात, आणि पोरगी म्हणते हॉस्टेल!

आत्याचा रात्री साडेदहाला वहिनींना फोन. पुण्यात घर असलं तर हॉस्टेल देत नाहीत, एवढ्याच आशेवर आहे बिचारी. तर पोरीनं त्याचंही उत्तर काढून ठेवलंय. म्हणाली, "मग मी सोलापूरचं वालचंद घेते. लोकल गार्डियन म्हणून मामीची सही चालेल ना?"