डुकराची लढाई आणि आपला पऱ्ह्या

ती. बाबा आणि सौ. आईस,



मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बाबांना महिनाभर फोनच्या पडद्याकडे बघू नका म्हटलंय असं आई म्हणाली. आई फोन धरते तेव्हा मला आढं आणि पंखा एवढंच दिसतं, त्यामुळे म्हटलं आपलं पत्रच बरं. कुणाकडून तरी वाचून घ्या. डोळ्यांत थेंब वेळेवर घाला.

तर, मागच्या आठवड्यात आम्ही तीन दिवस होडीतून फिरून आलो. सिएटलच्या उत्तरेला, कॅनडाच्या हद्दीला खेटून, सॅन हुआन नावाची बेटं आहेत. इथले लोक त्याला 'सॅन वॉन' म्हणतात. दोन झोपायच्या खोल्या, एक कपाटाएवढं स्वयंपाकघर आणि त्याहून लहान संडास अशी मोटरबोट भाड्याने घेतली. कप्तान तुमचे जावई. नागपूरच्या माणसाने समुद्र पहिल्यांदा पाहिला तो बाराव्या वर्षी, चौपाटीवर, भेळ खाताना. पण इथे १ जानेवारी १९५५ नंतर जन्मलेल्या माणसाला १५ अश्वशक्ती किंवा त्यावरची होडी हाकायची तर परीक्षा देऊन कार्ड घ्यावं लागतं, आणि परीक्षा म्हटली की हे पेटतातच. बाबा, तुमचा जन्म १९४९चा, म्हणजे तुम्हाला परीक्षा माफ! पोहता येत नाही ही गोष्ट निराळी.

आणि सांगायला लाज वाटते, पण पहिल्या दोन तासांत ओकलं कोण, तर कोकणातली, सात पिढ्या खाडीकाठी काढलेल्या घरातली तुमची लेक. जावई सुकाणूवर शिट्टी वाजवत उभे. पोरांनी त्याचा व्हिडिओ काढलाय. आईला दाखवू नका, ती दृष्ट काढायला निघेल.

मुक्काम होता फ्रायडे हार्बरला. म्हणजे शुक्रवार बंदर. मला वाटलं, आपल्या पुण्याच्या शुक्रवार पेठेसारखं काही असेल. तर नाही, हे माणसाचं नाव! हडसन्स बे कंपनी ही इंग्रजांची व्यापारी कंपनी (आपल्या ईस्ट इंडिया कंपनीची थंड प्रदेशातली चुलत बहीण समजा), तिने या बेटावर १८५३ साली मेंढ्या आणून उतरवल्या, तेराशेच्या वर. त्या राखायला हवाई बेटांवरची माणसं आणली. त्यातल्या एका मेंढपाळाचं नाव जोसेफ फ्रायडे. तो इथे राहायचा म्हणून बंदराला त्याचं नाव. कंपनीच्या साहेबांपैकी कुणाचंही नाव या गावाला नाही, मेंढपाळाचं आहे, हे मला फार आवडलं.

आता मुद्द्याची गोष्ट. बाबा, हे सावकाश ऐका, कारण हे सगळं आपल्याच घरचं आहे.

१८४६ साली इंग्रज आणि अमेरिकन यांच्यात करार झाला. हद्द कुठून? तर मुख्य भूमी आणि व्हँकुव्हर बेट यांच्यामधल्या खाडीच्या मध्यातून. सह्या झाल्या, शिक्के बसले, आणि मग लक्षात आलं की खाडी एक नाहीच! मध्ये ही बेटं, आणि त्यांच्या दोन्ही अंगांना दोन वाटा. पश्चिमेची हारो, पूर्वेची रोझारियो. अमेरिकन म्हणाले हारो, इंग्रज म्हणाले रोझारियो. मधली बेटं दोघांचीही.

आठवलं काही? 'पूर्वेस पऱ्ह्याच्या मध्यापर्यंत.' पणजोबांचं खरेदीखत. आणि पावसाळ्यात पऱ्ह्याला दोन फाटे फुटतात, मधल्या तुकड्यावर दोन हापूस, आणि त्यावरून आपली केस. मी तिथे माहितीफलकासमोर उभी राहून एवढ्या मोठ्याने हसले की शेजारच्या आजीबाईंनी मला पाण्याची बाटली देऊ केली.

तर बेटावर कंपनीच्या मेंढ्या, आणि अमेरिकन म्हणतात आमच्या हद्दीत आहात, कर भरा. कर नाही म्हटल्यावर १८५५ साली त्यांचा शेरीफ आला आणि तीसेक जातिवंत मेंढे उचलून घेऊन गेला. तलाठ्याने वसुलीला रेडा ओढून न्यावा तसं. मग काही अमेरिकन बेटावर घरं करून राहिले. त्यातल्या लायमन कटलरने बटाटे लावले. कंपनीच्या डुकराला बटाटे आवडले. १५ जून १८५९ला सकाळी कटलरने पाहिलं, काळं डुक्कर वाफा उकरतंय, आणि त्याने गोळी घातली. नंतर वाईट वाटून दहा डॉलर देऊ केले. कंपनीच्या कारभाऱ्याने, चार्ल्स ग्रिफिनने, शंभर मागितले. म्हणे डुक्कर उत्तम जातीचं होतं. मेलेलं जनावर नेहमीच उत्तम जातीचं असतं. आबाकाकांच्या म्हशीने आपला माठ आणि पडवळाचा मांडव खाल्ला तेव्हा आईने तिला काठी मारली, तर ती म्हैस एका दिवसात मुऱ्हा झाली होती की नाही?

पुढे कटलरला पकडून नेण्याची भाषा झाली, आणि जुलैअखेर अमेरिकन कॅप्टन जॉर्ज पिकेट ६६ शिपाई घेऊन बेटावर उतरला. व्हिक्टोरियाहून इंग्रज गव्हर्नर जेम्स डग्लसने लढाऊ जहाजं पाठवली. ऑगस्टपर्यंत एका बाजूला ४६१ माणसं आणि १४ तोफा, दुसऱ्या बाजूला पाच जहाजं, ७० तोफा, दोन हजारांवर माणसं. मध्ये मेलेलं एक डुक्कर! शेवटी इंग्रजांचा आरमारप्रमुख बेन्स आला. डग्लसचा हुकूम होता, सैनिक उतरवा. त्याने साफ सांगितलं, डुकराच्या भांडणापायी दोन मोठ्या देशांत युद्ध लावणार नाही. वॉशिंग्टनहून म्हातारे जनरल विनफिल्ड स्कॉट आले, वय ७३. ठरलं, निकाल लागेपर्यंत दोघांनीही थोडं थोडं सैन्य ठेवायचं. एक छावणी दक्षिणेला, एक उत्तरेला.

तिथेच अमेरिकन छावणीत मातीचा बुरूज बांधायला हेन्री रॉबर्ट नावाचा तरुण लेफ्टनंट होता. त्याने पुढे १८७६ साली सभा कशी चालवावी याच्या नियमांचं पुस्तक लिहिलं, ते 'रॉबर्ट्स रूल्स' म्हणून जगभर चालतं. म्हणजे देवस्थानच्या वार्षिक सभेत तुम्ही दर दहा मिनिटांनी उठून "अध्यक्षमहाराज, हरकतीचा मुद्दा!" म्हणता ना, त्या जातीच्या सगळ्या मुद्द्यांचा हा अमेरिकेतला कुलपुरुष. मी त्या बुरुजावर उभी राहून तुमच्या वतीने हात जोडले. बाकी तिथे आता वारा, गवत आणि कोल्हे. थोरल्याच्या हातातल्या थालीपिठाकडे एक कोल्हा अशा नजरेने बघत होता की दुसरी लढाई तिथेच पेटली असती.

दुसऱ्या दिवशी बेटाला उत्तरेकडून वळसा घालून इंग्रज छावणी पाहिली. गॅरिसन बे म्हणजे अगदी आपली भरतीची खाडी, पाणी हलत नाही. पांढरी लाकडी चौकी, आखीव फुलबाग, आणि युनियन जॅक. तो रोज अमेरिकन सरकारचे कर्मचारी चढवतात! भांडण मिटून दीडशे वर्षं उलटली तरी पाहुण्याचा झेंडा यांच्या हातून वर जातो.

आणि बारा वर्षं या दोन छावण्यांनी काय केलं? एकमेकांकडे जेवायला गेले. घोड्यांच्या शर्यती लावल्या. राणीच्या वाढदिवसाला अमेरिकन यायचे, ४ जुलैला इंग्रज. मधल्या काळात अमेरिकेत यादवी पेटली, पिकेटसाहेब दक्षिणेकडून लढले आणि गेटिसबर्गच्या हल्ल्यात सगळं गमावून बसले. बेटावर मात्र सगळं शांत. शेवटी दोघांनी जर्मनीच्या कैसरला पंच नेमलं. त्याने तीन तज्ज्ञ बसवले, त्यांनी जवळजवळ वर्ष घेतलं, आणि २१ ऑक्टोबर १८७२ला निकाल अमेरिकेच्या बाजूने लागला. सगळ्या लढाईत बळी एकच, ते डुक्कर.

हद्द मात्र अजून फोनला पटलेली नाही. पश्चिम किनाऱ्याने जाताना माझा फोन सारखा 'कॅनडात स्वागत आहे' म्हणत होता आणि जावई "मी अमेरिकेतच आहे!" असं त्याला ओरडून सांगत होते.

शेवटची रात्र रोश हार्बरला. तिथे चुन्याची मोठी भट्टी होती, मालक जॉन मॅकमिलिन. मजुरांना पगार कंपनीच्याच चिठ्ठ्यांत, त्या चालायच्या कंपनीच्याच दुकानात. चुना लावणं म्हणतात ते हे. या गृहस्थाने रानात आपली समाधी बांधली आहे : मधोमध दगडी गोल मेज, भोवती दगडी खुर्च्या, आणि खुर्च्यांच्या बुडाशी घरच्यांच्या अस्थी. जणू जेवायला बोलावून आचारी पळालाय. भोवतालच्या खांबांपैकी एक मुद्दाम तुटका ठेवलाय, आयुष्य अर्धवट राहतं म्हणून. धाकटी म्हणाली, "गवंड्याने पैसे घेऊन काम सोडलं असणार." रक्त आपलंच आहे.

संध्याकाळी तिथे झेंडे उतरवतात आणि तोफ उडवतात. नेमकं तेव्हा जावई धक्क्याला दोर बांधत होते. दोर, टोपी आणि उजवी चप्पल पाण्यात. रात्री पिठलं-भात केला. होडी हलत होती त्यामुळे पिठलं आपोआप ढवळलं गेलं.

आई, लोणच्याची बरणी पोचली. बाबा, पऱ्ह्याची केस आता किती वर्षांची झाली? मी परत हिशोब केला तर सदतीस आली, म्हणजे डुकरापेक्षा आपण चोवीस वर्षांनी पुढे. कैसर काही मिळणार नाही, तालुक्याचा मोजणीदार तर तीन वेळा येऊन चहा पिऊन गेला.

तुमची,
लेक

ता. क. बाबांना सध्या वाचता येत नाही, आई चष्म्याशिवाय बसते, आणि संध्याकाळी सहाला चहाला येणारा माणूस आपल्याकडे एकच. तेव्हा आबाकाका, नमस्कार. साखर अर्धाच चमचा घ्या, काकूंनी फोनवर बजावलंय. आणि म्हशीची ओळ गाळून वाचली असेल तर मागे जा आणि मोठ्यांदा वाचा.