डायलआउटचे सभासदत्व
लिनक्सच्या संगणकाला आर्डुइनो बोर्ड जोडला की त्याच्या पोर्टासाठी टीटीवाय-एसीएम-० किंवा टीटीवाय-यूएसबी-० नावाची फाइल उगवते. मालकी रूटची, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याची, परवानगी ६६०. म्हणजे वाचणे-लिहिणे फक्त रूटला आणि एका गटाला. संगणकाचे पैसे मोजलेला इसम यांपैकी कोणीच नसल्याने सॉफ्टवेअर त्याला ‘परमिशन डिनाइड’ ऐकवते.

डेबियन-उबुंटूत या गटाचे नाव डायलआउट. मोडेमवरून फोन लावण्याच्या काळातले हे नाव. मोडेम अडगळीत गेले, गट मात्र पदावर कायम. आर्चमध्ये तोच मान यूयूसीपीला, १९७०च्या दशकातल्या फाइल-वाहतुकीच्या प्रोग्रामला.

उपाय म्हणजे यूजरमॉड या आज्ञेने या गटात नाव घालणे. घालताना कॅपिटल ‘जी’च्या आधीचा छोटा ‘ए’ विसरला, तर बाकीचे जोडगट रद्द होतात, रूटचे अधिकार देणारा सुडोही जातो. तेलही गेले, तूपही गेले. शिवाय नाव लागले तरी लॉगआउट करून परत आल्याखेरीज ते ग्राह्य नाही. सरकारी कचेरीत निदान पावती तरी मिळते.

उतावळे लोक सीएचमॉड ६६६ मारून, म्हणजे फाइल सर्वांना खुली करून, मोकळे होतात. पोर्ट उघडतो, केबल काढून पुन्हा लावेपर्यंत. मग फाइल नवी येते, परवानगी जुनीच.