सदर मशीनमध्ये मिळून आलेल्या वस्तू

कुणाचंही वॉशिंग मशीन बिघडो, अण्णा आलेच. "आमच्या मशीनमधलं पाणी जात नाहीये हो," एवढं जिन्यात पुटपुटायचा अवकाश, हातात टेस्टर घेऊन ते दारात हजर. तुमच्या सोसायटीतही ते असणार. तिथे त्यांना नाना किंवा काका म्हणत असतील, टेस्टर तोच.

आमच्या अण्णांनी आयुष्यभर सरकारी हिशेब तपासले. त्यामुळे त्यांच्या लेखी दुरुस्ती दुय्यम, चौकशी महत्त्वाची. "आधी गळायला लागलं की आधी तुंबलं? पावडर कुठली? किती घालता?" बायको म्हणाली, "अंदाजाने." अण्णांनी चष्म्यावरून पाहिलं. अंदाजाने केलेला खर्च त्यांनी हयातभर नामंजूर केलाय. वर माणूस बरोबर निघतो, हा खरा वैताग. बादलीत कपडे भिजवायची पावडर समोरून दार असलेल्या मशीनला घातली की फेस अनावर होतो आणि पावडरच्या खणातून बाहेर येतो. आमची निम्मी गळती तीच होती.

उरलेल्या निम्म्यासाठी त्यांनी आमचा न वाचलेला पेपर मागितला. फरशी कोरडी करून मागे नळाच्या पाइपखाली अग्रलेख, दाराखाली क्रीडा आणि फिल्टरच्या कोपऱ्यात राशीभविष्य पसरलं. पाणी भरताना अग्रलेख भिजला तर पाइपचा वायसर गेला, कपडे फिरताना क्रीडा भिजलं तर दाराचं रबर. या पद्धतीत खोट काढता येत नाही. मी प्रयत्न केलाय.

पण अण्णांचा जीव अडकलेला असतो फिल्टरमध्ये. प्लग काढायचा, नळ बंद करायचा, खालच्या कोपऱ्यातलं झाकण उघडायचं. मग "परात!" अशी आरोळी. कणकेची परात जाते, आतलं काळपट पाणी तिच्यात येतं, फिल्टर हळूहळू फिरवत बाहेर निघतो आणि अण्णा पाठकोरा कागद काढतात. पंचनामा! त्याला दोन पंच लागतात: एक मी, दुसऱ्या शेजारच्या काकू.

"सदर मशीनमध्ये पंचांसमक्ष मिळून आलेल्या वस्तू येणेप्रमाणे. दोन रुपयांचं नाणं, नग १. केसांचा चाप, नग १. शर्टाचं बटण, पांढरं, नग २. लहान मुलाचा मोजा, नग १, डावा." डावा कशावरून, हे विचारायची सोय नाही. सह्या झाल्याशिवाय फिल्टर परत बसत नाही, ओले कपडे तोवर टबात कुबट होत राहिले तरी बेहत्तर. आमच्याकडे टँकरचं पाणी, म्हणून समोरच्यांच्या गीझरचाही पंचनामा झाला होता: "पांढरा क्षार, २१० ग्रॅम." स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून.

एकदा आम्ही धीर करून अण्णांना चुकवलं आणि कंपनीचा माणूस बोलावला. त्याने मशीनला हात लावायच्या आत पंप गेल्याचं जाहीर केलं, बोर्डाविषयीही चिंता व्यक्त केली आणि आकडा असा सांगितला की नवीन मशीन स्वस्त वाटावं. मागून आवाज आला, "फिल्टर उघडलात का?" अण्णांनी फिल्टर काढून आत बोट घातलं. पंपाच्या पंख्यात हेअरपिन अडकली होती. ती निघाली, पंखा बोटाने फिरला, मशीन भडाभडा पाणी ओतायला लागलं. कंपनीच्या माणसाने भेटीचे पैसे घेतलेच, पण अण्णांनी त्याला पंच म्हणून सही केल्याशिवाय सोडलं नाही. संध्याकाळी राशीभविष्य भिजलं. झाकण अण्णांनीच नीट आवळलं नव्हतं. त्याची नोंद कुठेही नाही.

हे सगळे कागद ते फाइलला लावतात. त्यातला एक मला माहीत आहे. चौथ्या मजल्यावर, कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या घरी, फिल्टरमधून गुटख्याची पुडी निघाली. राज्यात २०१२ पासून बंदी असलेला माल. आई शेजारीच उभी होती, पोराचा चेहरा पांढराफटक. अण्णांनी पुडी मुठीत घेतली, चष्मा पुसला आणि लिहिलं, "प्लॅस्टिकचा तुकडा, नग १." दुसऱ्या दिवसापासून ते त्या पोराला पहाटे फिरायला ओढून नेऊ लागले. काय बोलतात, देव जाणे. हल्ली पंचनाम्याच्या वेळी टॉर्च तोच धरतो. माझ्या माहितीत अण्णांच्या फाइलमधली ती एकमेव खोटी नोंद आहे आणि तिच्याखाली पंच म्हणून माझी सही आहे.

तेव्हा मंडळी, कपडे टाकण्याआधी खिसे उलटे करा, महिन्यातून एकदा फिल्टर स्वतः धुवा. तरीही पाणी अडलंच, तर कंपनीला फोन लावायच्या आधी जिन्यात जरा मोठ्याने बोला. परात मात्र जुनी काढून ठेवा.