सीमाभागात हिरवळ लावण्याची शास्त्रोक्त पद्धत

घर बांधून झाले, वास्तुशांत झाली, कंपाऊंडला गेट बसले आणि गेटच्या आत गुंठाभर उजाड जागा उरली, की बेळगाव-निपाणीकडच्या माणसाला लॉन हवेसे वाटू लागते. ही इच्छा औषधाने जात नाही. म्हणून हे मार्गदर्शन.

आधी जमीन ओळखावी. तुमच्याकडे आहे ती बहुधा जमीन नव्हेच. प्लॉट पाडताना वरची वीतभर सुपीक माती जेसीबीने खरवडून नेली आणि तुमच्या वाट्याला मुरूम, विटांचे तुकडे आणि आळलेले सिमेंट आले. खरेदीखतात याचा उल्लेख नसतो. हा राडारोडा हाताने वेचावा लागतो. सुट्टीत हे काम मुलांना सांगण्याची पद्धत आहे. मुले त्याच दिवशी आजोळी जातात.

मग माती परीक्षण. सात-आठ ठिकाणी व्हीच्या आकाराचा वीतभर खड्डा घ्यावा, कडेची माती तासून एकत्र करावी, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकावेत, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहावे. शेजारी कंपाऊंडवरून बघतील. बघू द्यावे. नमुना प्रयोगशाळेत द्यावा. तपासणीचे पत्रक कन्नडमध्ये आले तर घाबरू नये. मातीचा सामू, म्हणजे पीएच, आकड्यात असतो, आणि सात हा आकडा दोन्ही राज्यांत सातच असतो.

सातच्या बराच खाली असेल तर तुम्ही जांभ्यावरच्या तांबड्या मातीत आहात. बेळगावच्या पश्चिमेला, खानापूरच्या अंगाला, पावसाने युगानुयुगे चुना धुऊन नेला आणि मागे लोह ठेवले. तो चुना आता तुम्ही पोत्याने विकत आणून परत घालायचा. मात्र शेणखताबरोबर घालू नये, नत्र हवेत उडून जाते. दोन-तीन आठवड्यांचे अंतर ठेवावे. निपाणीकडच्या काळ्या रानात असाल तर चुन्याचे नावही काढू नये. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, आणि पाणी धरून बसते. पाण्याला वाट द्यावी. कुणी सांगेल, थोडी वाळू टाका. चिकणमातीत थोडी वाळू म्हणजे वीटभट्टीचा कच्चा माल. शेणखतच घालावे, कुजलेले, सढळ हाताने.

येथे एक सूचना करावीशी वाटते. तांबडीवाल्याला काळी हवी असते, काळीवाल्याला तांबडी. महामार्गावरून दोन डंपर उलटसुलट धाडले तर प्रदेशांची अदलाबदल एका दुपारी होईल. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावर महाजन आयोगाचा अहवाल 1967 मध्ये आला, महाराष्ट्र 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि डंपरचा पर्याय अजून कुणी मांडलेला नाही.

खरा उपाय स्वस्त आहे, म्हणूनच तो कुणी करत नाही. पहिल्या पावसावर दाट ताग पेरावा आणि फुलावर येताच, साधारण सहा आठवड्यांनी, जागच्या जागी गाडावा. बंगल्यापुढे ताग बघून पाहुणे तुमच्या आर्थिक स्थितीची चौकशी करतील. उत्तर देऊ नये. तो कुजेपर्यंत लव्हाळ्याच्या गाठी खणून काढाव्यात. एक राहिली तरी पुढच्या वर्षी लॉन तिचे असते.

आता गवत. नर्सरीवाला कोरियन, मेक्सिकन असे परदेश दाखवील. एवढ्या खटाटोपानंतर हलक्या जमिनीत, उन्हात, कमी पाण्यावर हमखास तगते ती आपली हरळी. तिच्या मुळ्या-कांड्या चार-चार बोटांवर टोचाव्यात. त्या आणायला शेतात जाल तेव्हा शेतकरी विचारेलच, "आमी जल्मभर ही उपसून बांधावर टाकतोय, आन् तुमी पैसं दिऊन लावतायसा व्हय?" यावर शास्त्रात उत्तर नाही. पैसे द्यावेत आणि निघावे.

कापताना दोन बोटे उंची ठेवावी. भाद्रपदात शेजारच्या बायका दूर्वा खुडायला येतील, कारण दूर्वा म्हणजे हीच हरळी. त्यांना हटकू नका. तेवढी एक कापणी फुकट होते.