निपाणीची वखारविद्या

साठ्याचे नियोजन शिकण्यासाठी बेळगावातल्या टिळकवाडीच्या विद्यार्थ्याने टोयोटाच्या पोथ्या चाळाव्यात, हा शेजारच्या निपाणीच्या तंबाखूपेठेचा उघड अवमान होय. तिथल्या व्यापाऱ्याने शेतकऱ्याचा माल उधारीवर वखारीत घ्यावा, भाव यथावकाश आपणच ठरवावा आणि घट, कसर वजा जाता उरेल ती रक्कम सवडीने अदा करावी, या तजविजीत खरेदीखर्च जवळजवळ निर्गुण निराकार होई. वखारीचे भाडेही उत्पादकाकडूनच वसूल झाले असते, तर हे शास्त्र परिपूर्णच ठरले असते. 1981 च्या मार्चमध्ये शेतकरी नेते शरद जोशींसमवेत शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून या शास्त्राविषयी काही शंका विचारल्या. एप्रिलमध्ये सरकारने त्यांचे निरसन केले: गोळीबार झाला, शेतकरी मेले, आणि काडतुसांचा तुटवडा मुळीच जाणवला नाही.