तळटीप्या

इतिहास विभागाच्या फलकावर 'विद्यार्थी संपादक मंडळासाठी नावे द्यावीत' असा कागद लागला की नाव देणारे दोन तऱ्हेचे निघतात. एकाला बायोडेटात भर घालायची असते. पहिल्या बैठकीतला वडापाव खाऊन तो जो जातो, तो थेट अंकाच्या प्रकाशनाला फोटोत उगवतो. दुसरा मात्र चिकटतो. त्याच्याकडे तळटिपा तपासायचं काम येतं आणि महिन्याभरात त्याचा तळटीप्या होतो.

पहिला तडाखा घरच्यांना. आपले पूर्वज पानिपतावर होते, असं आजोबा जन्मभर सांगत आलेले. आता ऐन जेवणात विचारणा होते, "अस्सल कागद आहे का, की नुसतीच बखर?" आजोबा ताकाची वाटी खाली ठेवतात. बखरींवर इतिहाससंशोधक राजवाडेही भरवसा ठेवत नसत, अशी पुरवणी नातू जोडतो.

राजवाडे म्हणजे त्याचं दैवत. त्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला आणि पुढे २२ खंडांपर्यंत मजल मारली, ती गावोगाव दप्तरं धुंडाळत. तळटीप्याने तूर्त त्यांचा संताप तेवढा उचललाय. पायपीट परीक्षेनंतर. मोडीच्या वर्गाचा फॉर्म मात्र आणून ठेवलाय.

सहा जूनला ग्रुपवर राज्याभिषेक दिनाच्या शुभेच्छांचा पाऊस पडतो. हा लिहितो : "६ जून १६७४ ही ज्युलियन तारीख आहे. ग्रेगरियन पद्धतीने १६ जून. इंग्रजांनी कॅलेंडर बदललं १७५२ मध्ये." वर सगळ्यांचे भगवे झेंडे, खाली याची ही टिपणी. माहिती अगदी बरोबर असते, म्हणून तर कुणाला राग आवरत नाही.

पण त्याचा गुणही सांगायला हवा. एका मुलीने पानिपताचं शके १६८२ घेतलं, नेहमीप्रमाणे ७८ मिळवले आणि लढाई १७६० मध्ये लावून टाकली. मंडळातल्या तिघांच्या नजरेतून ते सुटलं. तळटीप्या अडला. लढाई पौष शुद्ध अष्टमीची. तेव्हा जानेवारी लागलेला, म्हणजे ७९ मिळवायचे. १४ जानेवारी १७६१! त्या दिवशी पानिपतावर मराठ्यांचं नेतृत्व करणाऱ्या भाऊसाहेबांना आपणच आयुष्य वाढवून दिल्यासारखा तो कँटीनमध्ये फिरत होता. मराठे हरले ते हरलेच, पण वेळेवर हरले.

वेळेवर न येणारी गोष्ट म्हणजे अंक. २०२३-२४ चा अंक २०२५ च्या पावसाळ्यात आला तरी इथे कुणी दचकत नाही. पेशवाईचे कागद हाताळणाऱ्याला एका वर्षाचं काय कौतुक? परीक्षण निनावी असतं. लेखकाचं नाव झाकून लेख परीक्षकाकडे जातो आणि लेखाचा पहिलाच शब्द असतो 'आमच्या'. 'आमच्या घराण्याला मिळालेली सनद' वाचून अख्खा वर्ग सांगतो हा कुणाचा लेख. तळटीप्या मात्र नियम म्हणून त्या मुलाशी पंधरवडाभर बोलत नाही. एरवी तो त्याच्याच डब्यातलं खात असतो.

मग विभागप्रमुखांचा लेख येतो. नऊ पानं, तळटीप एकही नाही, आणि ऐन मोक्याच्या जागी 'असे जाणकार सांगतात'. मंडळ श्वास रोखून बसतं. तळटीप्या लाल पेन उघडतो, समासात लिहितो, 'जाणकार कोण?' मग त्याला अंतर्गत मूल्यमापनाचे गुण आठवतात. प्रश्नचिन्ह खोडतो. 'कोण' खोडतो. उरलेल्या 'जाणकार'खाली दोन रेघा मारून पुढे 'उत्तम शब्दयोजना' असं लिहितो आणि लेख अनुक्रमणिकेत पहिला घेतो.

त्याच संध्याकाळी सनदवाल्याचा लेख परत जातो. तळटीप क्रमांक १४ मध्ये पूर्णविराम नव्हता.