आधी कुकर, मग पट्टा

पुणे जिल्ह्यातल्या पासली गावात कामगार चळवळ सध्या जोमात आहे. पूर्वी चळवळीला लाल बावटा लागायचा. आता आधार कार्ड, फोटो आणि ९० दिवसांचा दाखला पुरतो.

भाताची कामं उरकली की इकडचा गवंडी पाबे घाट ओलांडून पुण्यात धायरी-नऱ्ह्याच्या साइटवर जातो. १९९६च्या कायद्यानं त्याच्यासाठी बांधकाम खर्चावर उपकर बसवला, त्यातून कल्याणकारी मंडळ आलं. नोंदणीची मुख्य अट : वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला. ठेकेदार म्हणतो, "सकाळी चढलास, संध्याकाळी उतरलास, पैसे घेतलेस. दाखला कसला?" सही केली तर हजेरीबुकापासून विम्यापर्यंत सगळंच अंगाशी येणार. त्यामुळे जन्मभर थापी धरलेला माणूस कागदावर कामगार नाही आणि विटेशी ज्याचा संबंध पंढरपुरापुरता, तो रांगेत पहिला!

मग नोंदणी झालेल्यांसाठी मंडळाच्या वाटपाचा सोहळा. मांडवात भांड्यांचे संच, त्यात कुकर, आणि मागच्या फ्लेक्सवर नेत्यांचा हसरा चेहरा कुकरपेक्षा मोठा. "मी कामगारांच्या पाठीशी उभा आहे!" टाळ्या. पाठीशी सगळेच उभे राहतात हो. परांचीखाली कोण उभं राहतं?

सुरक्षा संचही मिळतो, नाही असं नाही. हेल्मेट, बूट, सेफ्टी बेल्ट. पासलीत तो बेल्ट मोटरसायकलवर गॅसची टाकी आवळायला फार कामाला येतो. साइटवर का नेत नाही, विचारलं तर गवंडी म्हणतो, "नेला होता. अडकवू कशाला? ठेकेदाराच्या शब्दाला?"

बालेवाडीत जुलै २०१६मध्ये स्लॅब कोसळून ९ मजूर गेले. येरवड्यात फेब्रुवारी २०२२मध्ये लोखंडी जाळी कोसळून ५. हळहळ झाली, चौकशीही झाली. कामावर मृत्यू आल्यास मंडळ वारसांना ५ लाख देतं, पण नोंदणी असेल तर. तेव्हा शहाण्या मजुरानं आधी दाखला मिळवावा, मगच तोल जाऊ द्यावा.

आमची मागणी किरकोळ आहे. पुढचं वाटप दहाव्या मजल्याच्या परांचीवर ठेवा. नेत्यांनी संचातला बेल्ट बांधून तिथूनच मार्गदर्शन करावं. बेल्ट अडकवायचा दोर त्याच सकाळी साइटवर हजर होईल, आणि भाषणही दोन मिनिटांत आटोपेल.